तांबडीची जागा

केसरीनाथाच्या घरात एका कामाच्या दोन वस्तू दिसल्या की त्याला अन्न गोड लागत नसे. दोन झाडू असले तर एक शेजारी, दोन कंदील असले तर एक भंगारात. "एका कामाला दोन कशाला?" हे त्याचं आयुष्यभराचं वाक्य. गावात म्हणायचे, केसरीनाथाला डोळे दोन आहेत ते देवाने न विचारता बसवले म्हणून.

गाव भिवंडीच्या अंगाचं, कशेळीच्या खाडीकडलं. शेतं केव्हाच गोदामांखाली गेली होती. घरामागे केसरीनाथाचा लूमचा गाळा होता, तो चारही लूम काढून टाकल्यापासून रिकामा. रिकामी जागा म्हणजे त्याच्या लेखी बसून खाणारा पाहुणा. त्याचा लहानपणचा मित्र अनंता जगातल्या प्रत्येक धंद्यात तीन-तीन महिने राहून आलेला होता. त्याने तोडगा काढला.

"लावे पाळ, केसरी. जपानी लावे. सव्वा महिन्यात पाखरू तयार. हायवेचे ढाबेवाले हात जोडून मागायला येतात."

"आणि मेले तर?"

"थंडी सांभाळलीस तर न्हाय मरत."

डिसेंबर सरता सरता अनंता स्कूटरवर दोन खोकी बांधून आला. एकात लाव्यांची एकशेवीस पिल्लं, अंगठ्याएवढी, भुंग्यासारखी उडणारी. दुसऱ्यात कोंबडीची तीस. वेगवेगळी ठेवायला दोन जागा लागल्या असत्या, म्हणून केसरीनाथाने एकाच पत्र्याच्या गोलात दोन्ही सोडली. खाली भाताचं तूस, वर शंभरचा बल्ब. पाण्याच्या ताटलीत गारगोट्या टाकल्या, कारण लाव्याचं पिल्लू चमचाभर पाण्यातही बुडून मरतं.

अनंता म्हणाला, "आता ऊब वाचायला शीक. बल्बखाली ढीग करून एकमेकांवर चढली तर समज गारठलीत. कडेला पळून चोची उघड्या टाकल्या तर उकाडा. सगळीकडे विखरून बसली की सुखात हायेत. थर्मामीटरची गरज न्हाय."

एक वस्तू वाचली म्हणून केसरीनाथ खूष झाला.

अडचण होती ती तांबडीची. तांबडी ही त्याच्या बायकोची, गुणाबाईची कोंबडी. गाळ्याच्या खाडीकडल्या कोपऱ्यात पाटीमध्ये अकरा अंड्यांवर खुडूक बसलेली. आजवर तिने चौदा वेळा पिल्लं काढली होती. पोटाखालची पिसं स्वतःच उपटून ती उघड्या कातडीने अंड्यांवर बसायची. दिवसातून एकदा उठायची, दाणा-पाणी की लगेच परत. नेमका पत्र्याचा गोल त्या कोपऱ्यापर्यंत आला होता. पाटी सरकवायला केसरीनाथाने हात घातला आणि तांबडीने त्याच्या मनगटावर अशी चोच मारली की रक्त आलं.

तो उभा राहून हिशेब करू लागला. इकडे बल्ब, दीडशे जिवांना पुरणारा. तिकडे कोंबडी, अकरांसाठी महिनाभर अडून बसलेली, अंडं देत नाही, वर मालकाला चावते. एका जागेत दोन उबा कशाला?

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. गुणाबाई बहिणीकडे अंबाडी गावाला उद्यापनाला गेली होती. केसरीनाथाने तांबडी कापली.

अनंता दारात आला, वास घेतला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. "अरे, आज गुरुवार! आणि बसलेली कोंबडी? बसलेली कुणी कापतं का?"

"तू खाणार की न्हाय, तेवढं बोल."

"आमच्याकडे महिना पाळतात."

"मंग मला जास्त होईल," केसरीनाथ म्हणाला आणि त्याला खरोखर आनंद झाला.

एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली नाही. कापून अर्धा तास झाला तरी तांबडीचं पोट गरमच होतं. आणि रात्रीचं उरलेलं कालवण त्याने शुक्रवारी सकाळी तसंच ताटात घेतलं, तर त्यातून वाफ आली. त्याने मनाशी म्हटलं, चला, रॉकेल वाचलं.

अकरा अंडी त्याने बल्बखाली ठेवली होती. एकोणिसावा दिवस होता. अंडं कानाशी धरलं की आत चिवचिव ऐकू यायची. पण त्या दिवसांत पहाटे चार ते आठ वीज जायची. शुक्रवारी उजाडता त्याने एकेक अंडं कानाशी धरलं. अकराही गप्प. ती त्याने शेवग्याच्या मुळाशी पुरली आणि दुपारी गुणाबाई परतली तेव्हा म्हणाला, "मुंगूस आलं होतं. तांबडी नेली. अंडीपण."

गुणाबाईने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग मोरीतल्या घासलेल्या टोपाकडे पाहिलं.

"मोठं सुगरण मुंगूस," ती म्हणाली. "टोपसुद्धा घासून गेलं." आणि आत गेली. आठवडाभर तिने त्याला वाढलं, पण बोलली नाही.

त्याच आठवड्यात थंडी उतरली. ठाण्याकडल्या माणसाला न सोसणारी. खाडीवरून धुकं यायचं ते नऊ वाजले तरी गोदामांच्या पत्र्यांवर बसून राहायचं. शनिवारी पहाटे वीज गेली आणि सहाला केसरीनाथ हातात घमेलं घेऊन गाळ्यात गेला. मेलेली गोळा करायला. बल्बखाली ढीग असणार, खालची गुदमरून गेलेली असणार, हे त्याने धरलंच होतं.

बल्बखाली एकही पिल्लू नव्हतं.

दीडशेच्या दीडशे खाडीकडल्या कोपऱ्यात होती. ढीग नव्हता. कडं होतं. मध्ये बशीएवढी, नाही, कोंबडीएवढी जागा मोकळी आणि तिच्याभोवती पिल्लं दाटीवाटीने बसलेली. सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला. काहींनी माना पुढे घालून डोळे मिटले होते. पोटभर झोपलेलं पिल्लू जसा बारीक आवाज करतं तसा आवाज दीडशे गळ्यांतून येत होता. पत्र्यावर दव होतं. केसरीनाथाच्या तोंडातून वाफ निघत होती.

त्याने मोजली. एकही मेलेलं नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात तो रोज मेलेल्यांचा आकडा घालायचा. तिथे त्याने शून्य काढलं.

दुसरा एखादा तिथून पळाला असता. केसरीनाथ तिथे उभा राहून विचार करू लागला की हे फुकटात होत असेल तर बल्ब कशाला?

रविवारी वीज असतानाही त्याने बल्ब बंद ठेवला. शून्य. सोमवारी शून्य. मंगळवारी त्याने धीर करून त्या मोकळ्या जागेत हात घातला. तूस गरम होतं. आणि तुसाच्या वर चार बोटं हवासुद्धा गरम होती, मऊ, दमट, जरा खालीवर होणारी. त्याने हात आणखी आत सारला. मनगटावर, पहिल्या जखमेच्या शेजारीच, टक्कन काहीतरी बसलं.

हात बाहेर काढला तेव्हा रक्त नव्हतं. पण हात मनगटापर्यंत गार पडला होता, आणि तो चुलीवर धरला, काखेत घातला, तरी तापेना.

बुधवारी दुसरा हात गार झाला, गुरुवारी पाय. शुक्रवारी त्याने स्वेटरवर स्वेटर घातला, आणि एका कामाला दोन स्वेटर घातलेला केसरीनाथ पाहून गुणाबाईने अबोला सोडला.

"अवो, बरं हाय ना?"

"चहा गार दिलास."

"आता उकळतोय तो! बघा, बुडबुडे हायेत." तिने त्याच्या हाताला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "माय गो! हे काय, माठाला हात लागल्यासारखं!"

नाक्यावरच्या डॉक्टरने जिभेखाली थर्मामीटर ठेवलं. पारा होता तिथून हलेना. त्याने झटकलं, दुसरं आणलं, मग तिसरं. "सगळा लॉट खराब दिसतोय," तो म्हणाला. "तुम्ही ठाण्याला जाऊन तपासण्या करा."

"तीन-तीन थर्मामीटर ठेवता कशाला?" एवढंच विचारून केसरीनाथ घरी आला. पण रस्त्यात त्याला चालताना दम लागला, आणि घरी आल्यावर आरशात ओठ बघितले तर जांभळासारखे.

अनंताला औषध ठाऊक होतं. त्याला सगळ्यावर औषध ठाऊक असे. "अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात बस. हाडातली थंडी निघेल."

रविवारी दुपारी दोघे स्कूटरवरून गेले. कुंडाला बऱ्यापैकी गर्दी होती. वाफा निघत होत्या. पायऱ्यांवर बसलेले लोक एक पाय बुडवायचे, ओरडायचे, परत काढायचे. केसरीनाथ सरळ गळ्यापर्यंत उतरला. विहिरीत उतरल्यासारखं वाटलं.

"गार हाय रे."

"गार? लोक भाजतायत आणि तुला गार?"

कडेला एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले. "आज पाणी कोमट कसं झालं हो?" ते म्हणाले. त्यांच्याजवळची बाई म्हणाली, "मघाशी तर चटका बसत होता." एकेक करून माणसं उठू लागली. केसरीनाथाच्या अंगाभोवती, दोन हातांच्या अंतरावर, वाफ येणं थांबलं होतं. पाण्यावर एक स्वच्छ गोल पडला होता. गोलाच्या पलीकडे माणसं उभी होती आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे होती.

तो गोल त्याने ओळखला.

परतताना तो अनंताच्या मागे बसला होता. वाटेत एकदा अनंता म्हणाला, "केसरी, जरा मागे सर. पाठीला गारठा लागतोय."

ठमाबाई ही केसरीनाथाची चुलती. ऐंशीच्या वर गेलेली, दिसायचं कमी झालेलं. पण गावातल्या कुठल्या घरात कुठली कोंबडी कधी बसली हे तिला तोंडपाठ. तो तिच्या ओट्यावर जाऊन बसला तशी ती म्हणाली, "केसऱ्या, उन्हातून सर. माझं ऊन गार करतोस."

त्याने सगळं सांगितलं. मुंगूससुद्धा सांगितलं.

"कितीजणांनी खाल्ली?"

"मी एकट्यानं. दोन दिवस पुरवून."

"मंग हिशेब सोपा हाय." ठमाबाईने बोटं मोजली. "बसलेल्या कोंबडीत नुसती ऊब असते. बाकी काय न्हाय. ती ऊब तू खाल्लीस. आता ती बसलीय पिल्लांवर. पण तिच्याकडे तिचं अंग कुठं हाय? तुझ्यातून नेते."

"पिल्लं अनंताला देऊन टाकतो."

"कोंबडी पिल्लं शोधत फिरते, बाबा. पिल्लं न्हाय दिसली की घरात येते. आज पायापर्यंत आलीय, उद्या गुणीच्या अंथरुणात यायची."

"बल्ब लावतो. दिवसरात्र लावतो. शेगड्या आणतो, दोन आणतो!"

"लाव की."

लावला. त्याने बल्बच काय, दोन शेगड्याही पेटवल्या, कोळसा भरभरून. पिल्लांनी शेगड्यांकडे पाठ फिरवली आणि कोपऱ्यातलं कडं आणखी आवळलं. केसरीनाथ शेगडीला जवळजवळ मिठी मारून बसला होता. स्वेटरची लोकर करपल्याचा वास आला, तरी त्याला काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत परत ओट्यावर गेला. "काकी, किती दिवस बसेल ती?"

"पिसं फुटेस्तोवर. एकवीस दिवस."

त्याने कॅलेंडर मनातल्या मनात पाहिलं. बारा झाले होते. नऊ राहिले होते.

"मी नऊ दिवस काढेन का?"

ठमाबाईने त्याच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "न्हाय," ती म्हणाली. "चारसुद्धा न्हाय."

मग तीच पुढे बोलली, जरा खोडकरपणे, जणू लहानपणी त्याला बोरं देत असावी तशी. "तूच सांगतोस ना सगळ्या गावाला? एका कामाला दोन कशाला? ती बसलीय तुझी ऊब घेऊन. तुझी ऊब तूच घेऊन बस की. तिला म्हण, ऊठ."

दुसऱ्या दिवशी पहाटे वीज गेली तेव्हा केसरीनाथ जागाच होता. उजेड फुटता फुटता तो गाळ्यात गेला. कडं तसंच होतं. त्याने पत्र्यावरून पाय टाकला. पिल्लं हलली नाहीत, फक्त पायापुरती वाट झाली. तो त्या मोकळ्या जागेपुढे उकिडवा बसला. आयुष्यात त्याने कुणाची माफी मागितली नव्हती. एका चुकीला दोनदा त्रास कशाला, असं तो म्हणायचा.

"ऊठ," तो म्हणाला. "मी बसतो. तू दाणा खाऊन ये."

तुसावरची गरम हवा थोडी वर आली. त्याच्या गुडघ्याला काहीतरी घासून गेलं. आणि जागा गार पडली. त्याच क्षणी दीडशे पिल्लं एकदम ओरडू लागली.

तो घाईने त्या जागेवर बसला. स्वेटरची बटणं काढली, सदरा वर केला, शाल पसरली. पिल्लं आत घुसली. काखेत, मांड्यांखाली, पोटाशी, गारेगार, नखं टोचणारी. आणि त्याच्या बेंबीतून ऊब परत यायला लागली. आधी पोट, मग छाती, मग कित्येक दिवसांनी बोटांची टोकं. त्याला रडू आलं. ते अश्रूही गरम होते.

सातला गुणाबाई शोधत आली आणि दारातच थांबली.

"अवो!"

त्याला तिच्याशी बोलायचं होतं. पण समोर बघितलं तर ती नीट दिसेना. मान वळवून एका डोळ्याने बघितलं तेव्हा स्पष्ट दिसली. पापणी लववायला तो विसरला. ती एक पाऊल पुढे आली तशी त्याची शाल आपोआप फुगली आणि घशातून आवाज निघाला. "क्रुक्."

गुणाबाईने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या होत्या. खुडूक मोडायला काय करतात हे तिला सांगावं लागत नव्हतं. ती गेली आणि माठाच्या पाण्याने भरलेली बादली घेऊन आली. गार पाण्यात तीनदा बुचकळलं की कुठलीही कोंबडी उठते.

केसरीनाथाने बादली पाहिली. ते पाणी अंगावर पडलं की जे आता परत आलंय ते सगळं जाईल, आणि या वेळी परत यायचं नाही, हे त्याला कळत होतं. पण तोंडात शब्द येईना. त्याने महत्प्रयासाने शालीतून एक हात काढला आणि तिच्यापुढे केला. कोपऱ्यात त्याच्या मागे, भिंतीशी, काहीतरी उभं होतं आणि शांतपणे कणी टिपत होतं. टक्, टक्.

गुणाबाईलाही ते ऐकू आलं असावं. तिने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं, तिचा चेहरा बदलला, पण ती मागे हटली नाही. तिने त्याचा हात धरला. गरम होता.

ती बादली उचलून घेऊन गेली. परत आली ती वाटीभर पेज आणि तांब्या घेऊन.

"दिवसातून एकदा उठायचं," तिने बजावलं. "दहा मिनटं. अंग मोकळं करायचं, परत बसायचं. मीच सांभाळते तुम्हाला. आणि मुंगसाची गोष्ट तुम्ही बसून उठल्यावर बोलू."

गावात बातमी फुटायला किती वेळ? अनंता खिडकीशी येऊन म्हणाला, "केसरी, अंडी कधी देणार?" आणि लोक हसले. पण खिडकीतून आत डोकावून पाहिलेला माणूस पुन्हा हसायला आला नाही. केसरीनाथ नऊ दिवस बसला. तो सांगतो की त्या नऊ दिवसांत त्याने कशाचा म्हणून हिशेब केला नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी लाव्यांच्या पाठींवर ठिपक्यांची पिसं दिसली आणि पिल्लं आपणहून त्याच्या शालीतून निघून गाळाभर पसरली, विखरून, सुखात. केसरीनाथ उठला. गुडघे वाजले. तो माणसासारखा बोलला. "चहा टाक."

चहाने त्याची जीभ भाजली. त्याने दुसरा कप मागितला.

मग सवयीने तो पिल्लं मोजायला गेला. एकशेवीस लावे. कोंबडीची तीस. त्याने पुन्हा मोजली. कोंबडीची एक्केचाळीस होती.

अकरा तांबडी होती, कालपरवा अंड्यातून निघाल्यासारखी ओली. ती विखुरली नव्हती. खाडीकडल्या कोपऱ्यात कडं करून बसली होती, मध्ये थोडी जागा ठेवून. केसरीनाथाने त्यातलं एक उचललं. पोटावर शेवग्याच्या मुळाची माती होती. छाती धपापत होती, चोच उघडत होती. आणि पिल्लू माठातल्या पाण्याइतकं गार होतं. हातात धरलं तसं हळूहळू कोमट झालं.

त्याने कॅलेंडरात काही लिहिलं नाही.

लावे अनंता घेऊन गेला. तीस पिल्लं मोठी झाली. अकरा झाली नाहीत. उन्हाळा आला तरी तेवढीच. दिवसभर दिसत नाहीत. पहाटे वीज जाते, गोदामांच्या पत्र्यांवर धुकं बसतं, तेव्हा कोपऱ्यात बारीक आवाज सुरू होतो आणि केसरीनाथ शाल घेऊन उठतो. तास-दीड तास बसतो. परततो तेव्हा त्याचे पाय जरा गार असतात, दोन कप चहानंतर ठीक होतात.

परवा गुणाबाई म्हणाली, "तुमचे गुडघे दुखतात. आज मी बसू का? न्हायतर दोघं बसू."

शालीची घडी मोडत केसरीनाथ दाराशी थांबला. कोपऱ्यातला आवाज वाढला होता.

"एका कामाला दोन कशाला?" तो म्हणाला आणि दार लोटून घेतलं.